खाते बदलून मागण्याचा हक्क

आपल्याकडे नोकरी 'लागते' आणि बदली 'होते'. दोन्ही ठिकाणी नोकरी करणारा माणूस कर्ता नसतो. त्याने आपण होऊन बदली मागितली, तीही गाव न सोडता, त्याच गेटच्या आत दुसऱ्या खात्यात मागितली, की पहिला प्रश्न येतो, "काय, साहेबाशी वाजलं का?" या प्रश्नाविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

सोमेश्वरनगरला शिकणाऱ्या आपणा मंडळींना साखर कारखाना समजावून सांगायला नको. पण बाहेरून एकच दिसणाऱ्या कारखान्याच्या आत कितीतरी कारखाने असतात. शेतकी खात्याचा चिटबॉय उन्हातान्हात फडावर असतो, काट्यावरचा कारकून रात्री-अपरात्री गाड्यांची वजने लिहितो, पॅनवरचा कामगार दाणा केवढा झाला हे पाहून पाक उतरवायचा क्षण ठरवतो. शिवाय इंजिनिअरिंग, प्रयोगशाळा, अकाउंट, स्टोअर, टाईम ऑफिस आहेतच. गाळप थांबले की अनेक हंगामी कामगारांचे काम थांबते आणि पुढच्या हंगामापर्यंत पगाराचा काही हिस्सा भत्ता म्हणून मिळतो. कुशल कामगाराचा हा हिस्सा मोठा, अकुशलाचा अगदी लहान. याच पावसाळ्यात इंजिनिअरिंग खात्याची मात्र यंत्रे उघडून दुरुस्तीची धांदल चालू असते. म्हणजे आषाढात घरी चूल कशी पेटणार, हे पुष्कळदा माणूस कोणत्या खात्यात आहे यावर ठरते. असा माणूस खाते बदलून मागतो त्याला हौस म्हणावे काय?

माझे एक मामा दूरच्या एका कारखान्यात ऊस उतरवून घेण्याच्या जागी हंगामी होते. नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देऊन ते पदवीधर झाले आणि त्यांनी स्टोअरसाठी अर्ज केला. एकदा नव्हे, तीनदा केला. तिन्ही वेळा त्यांच्या वरिष्ठांचे उत्तर एकच होते : इतका चांगला माणूस सोडला तर माझे काम कोण करणार? कामचुकार माणसाला दुसऱ्या खात्यात ढकलायला सगळे एका पायावर तयार असतात. जो मन लावून काम करतो तो मात्र आपल्या चांगुलपणामुळेच अडकून पडतो. मामा यावर हसत. मला ते हसणे कधी जमले नाही.

मात्र वाट फक्त साहेबच अडवतात असेही नाही. पुष्कळदा शेजारी काम करणारेच आडवे येतात. मुंबईच्या गिरण्यांत हे फार उघडपणे घडले. तेथे विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला दलिताचे ओठ लागले तर आपण बाटू, असे सवर्ण कामगार म्हणत. गिरणी एक, मालक एक, भोंगा एक, पण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायची वाट बंद! १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मागण्यांत घेतला. मालकांनी तर, हा अन्याय असला तरी तो आमचा नव्हे, असे सांगून हात झटकले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. गँगमन म्हणून लागलेला दलित माणूस जन्मभर गँगमनच का राहतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा का होता येत नाही, हे बाबासाहेबांनी तेथे सांगितले : पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामेही करावी लागत, आणि तेथे त्याची सावली नको होती.

आज धोट्याची गोष्ट कोणी उघडपणे बोलणार नाही. पण 'आमच्या खात्यात बाहेरचा नको' हे वाक्य कोणी ऐकलेले नाही?

१९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने कामगाराची आकसाने बदली करणे ही अनुचित प्रथा ठरवली. चांगले झाले. पण त्यात विचार आहे तो मालकाने केलेल्या बदलीचा. कामगाराने स्वतः मागितलेली आणि विनाकारण दाबून ठेवलेली बदली तशी उरतेच.

दुसरी बाजूही मला दिसते. नव्या खात्यात आलेल्याची सेवाज्येष्ठता कोठून धरायची? तेथे आठ वर्षे बढतीची वाट पाहणाऱ्याच्या डोक्यावर त्याला बसवले तर त्या माणसाने काय करावे? त्याची तक्रार खोटी म्हणता येत नाही. माझ्या मते येणाऱ्याने नव्या यादीत खाली बसण्याची तयारी ठेवावी; पगार मात्र कमी होऊ नये. तसेच प्रमाणपत्रावाचून बॉयलरवर कोणाला उभे करा, असेही कोणी म्हणत नाही.

मागणे फार मोठे नाही. जागा रिकामी झाली की जाहिरात बाहेर देण्याआधी ती आतल्या फळ्यावर लागावी. अर्ज नाकारला तर कारण लिहून द्यावे, आणि 'माणूस चांगला आहे' हे कारण धरू नये. तीन महिने नवे काम करून पाहण्याची मुभा असावी आणि तोवर जुनी जागा राखावी. आणि मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी असा अर्ज लिहील, तेव्हा त्याने साहेबाच्या तक्रारीने सुरुवात न करता आपण काय शिकलो आहोत ते आधी लिहावे, आणि अर्ज वर पाठवण्यापूर्वी त्याच साहेबाला जाऊन सांगावे. दुसऱ्याच्या तोंडून कळले की साधा अर्जही कागाळी वाटू लागतो.

आमच्या वर्गातल्या एकाने यंदा इतिहास सोडून अर्थशास्त्र मागितले. कार्यालयातून त्याला विचारले गेले, "का रे, सरांशी काही झालं का?"