तुमचं नाव काय 'होतं'?

'व्हॉट डिड यू से युअर नेम वॉज?'

परदेशी क्लायंटने फोनवर असं विचारलं की आपल्याकडचं नवं पब्लिक क्षणभर गडबडतं. वॉज? होतं म्हणजे काय? अजूनही तेच आहे बाबा, आधार कार्डावर छापलंय! तीच गत 'आय डिडन्ट नो यू वेअर मॅरिड'ची. ऐकणारीला वाटतं, आपल्या डिव्होर्सची बातमी पसरली की काय! तो बिचारा एवढंच म्हणत असतो, की तुझं लग्न झालंय हे मला माहीत नव्हतं. झालंय. टिकून आहे. नो टेन्शन.

इंग्रजीत वाढलेल्यांची ही सवयच. सांगणं, वाटणं, कळणं यातलं काहीही भूतकाळात गेलं, की त्याच्या मागे जोडलेलं वाक्यही ते सोबत ओढून नेतात. 'ही सेड ही वॉज हंग्री.' 'आय थॉट यू न्यू.' विचारबिचार करून नाही, तोंडातून आपोआप पडतं. आपण तेच शिकलो 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'मधून. अवतरणचिन्हं काढा, दॅट घाला, इजचा वॉज करा, टुमॉरोचा द नेक्स्ट डे करा. सूर्य पूर्वेला उगवतो असं वाक्य आलं तर मात्र हात लावू नका, ते कायमचं सत्य! महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, म्हणजे माझी पिढी त्यातच वाढली. तरी हा फंडा मार्कांपुरताच राहिला. वॉज केला की मार्क मिळतो हे कळलं. तो वॉज म्हणतोय काय, हे कुणी सांगितलं नाही.

हा सगळा किस कशासाठी? तर जालना एमआयडीसीतल्या एका कागदासाठी.

फ्रीलान्सरचं पोट नुसत्या बायलाइनवर भरत नाही, त्यामुळे मी मराठी भाषांतरं तपासून देण्याचीही कामं घेते. मागे एका स्टील कारखान्याचे सेफ्टीचे कागद आले होते. नाव नको, तिथल्या अनेकांपैकी एक समजा. जालना म्हटलं की बाहेरच्यांना बियाणं आठवतं. बरोबरच आहे, महिको 1964 साली इथेच सुरू झाली. पण एमआयडीसीत शिरलात की राज्य लोखंडाचं. भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. कामाला बिहार-यूपीची पोरं, सोबत बदनापूर, परतूर, मंठ्याकडची आपली पोरं. शेडमध्ये हिंदी आणि मराठी, ऑफिसच्या मेलमध्ये इंग्रजी. म्हणजे कामगार मराठीत बोलतो, इंजिनिअर ते इंग्रजीत लिहितो, आणि तेच पुन्हा मराठीत होऊन नोटीस बोर्डावर लागतं. एका वाक्याचा रिटर्न प्रवास!

माझ्याकडे आलेला कागद 'निअर मिस'चा होता. म्हणजे अपघात होता होता वाचला, कुणाला काही झालं नाही. क्रेनचा हूक भार घेऊन फूटभर खाली घसरला होता. इंग्रजी रिपोर्टात लिहिलं होतं, 'द हेल्पर टोल्ड द शिफ्ट इनचार्ज दॅट द ब्रेक वॉज नॉट होल्डिंग प्रॉपर्ली.' एकदम करेक्ट इंग्रजी. शाळेतल्या बाई खूश झाल्या असत्या. त्याचं मराठी केलं होतं, 'ब्रेक नीट लागत नव्हता, असे हेल्परने शिफ्ट इनचार्जला सांगितले.'

वाचा बरं पुन्हा एकदा. काय चित्र उभं राहतं? हूक घसरला, साहेब धावत आले, झापायला लागले आणि पोरगं मान खाली घालून सांगतंय, ब्रेक लागत नव्हता सर. म्हणजे नंतर दिलेलं कारण. नोटीस वाचणारा प्रत्येक जण हेच म्हणणार, मग आधी का नाही बोललास?

पण फॉर्मवर 'सांगितल्याची वेळ' असा वेगळा रकाना होता. त्यात सकाळची वेळ. हूक घसरला दुपारी. मी तिथल्या इंजिनिअरला फोन लावला. पोरगा जालन्याचाच.

"मॅडम, इंग्रजीत वॉज आहे ना? मग मराठीत नव्हताच येणार."

"ते राहू द्या. हेल्पर नेमकं काय म्हणाला होता?"

"सर, ब्रेक लागंना म्हणला. सकाळीच."

लागंना! त्या क्षणी लागत नव्हता, आत्ता, समोर. पोराने धोक्याची सूचना दिली होती. इंग्रजीतून परत येता येता तिची सबब झाली, आणि एकाही माणसाने खोटं लिहिलेलं नव्हतं. व्याकरणाने सगळेच पास. गोची अशी, की इंग्रजीतला तो वॉज 'सांगितलं तेव्हा' एवढंच म्हणतो. मराठीतला 'नव्हता' मात्र त्याच्याही मागे जातो, सांगण्याच्या आधीची गोष्ट होऊन बसतो. बरोबर मराठी साधं होतं: 'ब्रेक नीट लागत नाही, असे हेल्परने सकाळीच सांगितले होते.' वॉजसाठी चक्क 'नाही', वर्तमानकाळ. आणि हे कुणाच्या नोकरीवर बेतू शकतं, ते कारखान्यात काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मराठीचा स्वभावच हा. बोलणाऱ्याचं वाक्य आपण सहसा आहे तसं ठेवतो आणि मागे 'असं', 'म्हणून', नाहीतर नुसतं 'म्हणाला' जोडतो. 'येतो म्हणाला.' झालं काम. तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र' उघडा, चक्रधरांचं आणि भोवतीच्या माणसांचं बोलणं थेट त्यांच्याच तोंडून येतं. आजचा पेपर उघडा, 'पाण्याचा प्रश्न गंभीर आहे, असे ते म्हणाले'. म्हणाले काल, प्रश्न आहेच! मास कॉमला असताना इंग्रजी बातमीत काळ मागे न्यायचा आणि मराठीत तो जागेवर ठेवायचा, अशी दुहेरी कसरत आम्ही रोज करायचो. आणि आपण एकटे नाही हं. रशियन आणि जपानीही बोललेल्या वाक्याचा काळ तसाच ठेवतात. त्यामुळे 'ही सेड ही इज कमिंग' म्हणणाऱ्या आपल्या मित्राला हसू नका. त्याची मराठी शाबूत आहे, एवढंच.

शिवाय ते दर वेळी चूकही नसतं. गोष्ट अजून खरी असेल तर इंग्रजीवालेही इज ठेवतात. पण इथे एक ग्यानबाची मेख आहे, आणि ऑफिसात मेल लिहिणाऱ्यांनी ती जरूर बघावी. 'द सप्लायर सेड द मटेरियल इज रेडी' लिहिलंत, तर वाचणारा बहुतेक वेळा समजतो की माल तयार आहे आणि तुमचाही त्यावर विश्वास आहे. 'वॉज रेडी' लिहिलंत, तर तो सप्लायरचा शब्द, तुमची सही त्यावर नाही. मग गाडी रिकामी परत आली की 'बट यू सेड...' ने सुरू होणारा मेल कुणाला येतो? इजवाल्याला!

हेच काम आपल्याकडे एक फर्मास शब्द करतो. म्हणे. 'माल तयार आहे म्हणे.' बास! काळ तोच, जबाबदारी सप्लायरची. वर एक भुवई उचललेली आहे, तेही फोनवर ऐकू येतं. 'इन्क्रिमेंट होणार आहे म्हणे' मधली सगळी वेदना इंग्रजी वॉजमध्ये मावेल असं मला तरी वाटत नाही.

असो. कागद दुरुस्त करून पाठवला. चार दिवसांनी त्या इंजिनिअरचा मेसेज आला, फॉर्ममध्ये नवा रकाना घेतलाय: 'कामगाराचे शब्द, त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे'. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. रकान्यात पहिली नोंद पडली होती, भट्टीवरच्या एका बिहारी पोराची. 'साहब बोले थे, कल बदल देंगे.'

"मॅडम, यातला हा 'कल' नेमका कोणत्या तारखेचा धरायचा?"

मी म्हटलं, ते साहेबांना विचारा.