रक्ताची साक्ष

रक्तातली चरबी तपासून स्किझोफ्रेनिया कुठला नि बायपोलर कुठला, हे ओळखायचं संशोधन चाललंय. चालू द्या. आज निदान होतं बोलण्यावागण्यावरून, आणि ऐकणारा मालकाच्या बाजूचा असला की घात होतो. १८५१ मध्ये अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं गुलामाच्या पळून जाण्यालाच रोग ठरवलं. १९६८ मध्ये तिथल्याच दोन मनोविकारतज्ज्ञांनी काळ्यांच्या बंडखोरीत 'निषेधाचं वेड' पाहिलं.

पण रक्तही एकट्यानं खरं बोलत नाही. ओलान्झापिनच्या गोळीनं ट्रायग्लिसराइड वाढतं, दारूनं वाढतं, जेवणानंही वाढतं. मग मशीन काय मोजणार? रोग, औषध की पोट? हे वेगळं काढल्याशिवाय कुणाच्या कपाळावर शिक्का मारू द्यायचा नाही. सुई टोचण्याआधी माणसाला विचारा, बाबा, तुला काय झालं?