खाटेखालचं मांजर

नागपूरच्या इतवारीत मांजर ठेवायला वेगळी हौस लागत नाही. धान्य-किराण्याची ठोक बाजारपेठ. गोदामात पोती, पोत्यांमागे उंदीर, आणि उंदरांमागे आलेलं मांजर हळूहळू दुकानाचंच होतं. त्याची पिल्लं मग कुणी वरच्या माळ्यावर नेतं, कुणी मागच्या वाड्यात, कुणी पार दूरच्या फ्लॅटमध्ये. आणि लगेच कुणीतरी विचारायला येतं, "ताई, पिल्लाला जुलाब लागले जी. काय द्यावं?"

मी आधी विचारते, घरी आल्यापासून त्याच्यासोबत काय काय झालं? उत्तर ऐकताना जीव तुटतो, कारण केलेलं सगळं प्रेमानेच केलेलं असतं. गोदामातलं म्हणून आंघोळ घातली. गल्लीतली पोट्टी बघायला आली, पिल्लू या हातातून त्या हातात फिरलं. वाटीभर दूध झालं. आता ते खाटेखाली जाऊन बसलंय, निघायचं नाव नाही.

बसू द्या त्याला. भ्यालेल्या जनावराच्या अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात. त्याने जठराचं काम मंदावतं आणि मोठं आतडं मात्र घाईने चालू लागतं; पाणी शोषून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून भूक मेलेली आणि शी पातळ, असं दोन्ही एकदम दिसतं. दूध त्यात भर घालतं. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं, आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते. घरातल्या आजीला हे पटत नाही. तरी पटवायलाच हवं.

पहिले काही दिवस त्याला एकच खोली द्यावी. आडवं ठेवलेलं खोकं लपायला, एका टोकाला रेतीचं घमेलं, दुसऱ्या टोकाला अन्नपाणी. गोदामातून येताना ते ज्यावर झोपायचं तो पोत्याचा तुकडा, न धुता, सोबत आणला तर फार उत्तम. मांजर गाल घासून वस्तूंवर आपला वास सोडतं, आणि त्या वासाच्या जवळ त्याचं मन स्थिरावतं. आपण जमिनीवर बसावं, आपलं काम करावं, हात पुढे करू नये. जवळ यायचं की नाही हे त्याला ठरवू द्यावं. उन्हाळ्यात त्याची जागा कूलरच्या घरघरीपासून लांब हवी. मारबतीच्या किंवा दिवाळीच्या गलबल्यात तर नवं पिल्लू घरी आणूच नये.

खायला आधी तेच द्यावं, जे ते तिथे खात होतं. नवं अन्न त्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावं. पोट बिघडलेलं असताना साधं उकडलेलं चिकन चालतं, मीठ-मसाल्याशिवाय. कांदा-लसूण मुळीच नको, त्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. इतवारीतल्या कित्येक घरांत मांस चालत नाही, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण मांजर पोळी-भातावर निरोगी राहत नाही. अशा घरांनी दुकानातलं मांजराचं तयार खाद्य आणावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळेच जुलाब भीतीचे नसतात. जंत असतात, आणि लस न दिलेल्या पिल्लांना पॅनल्यूकोपेनिया होतो, जो झपाट्याने जीव घेतो. शीमध्ये रक्त, उलट्या, मलूलपणा, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली न बसणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. नागपूरच्या मे महिन्यात लहानशा जिवातलं पाणी बघता बघता आटतं. सेमिनरी हिल्सला 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खासगी डॉक्टरही आहेत. पिल्लू टोपलीत ठेवून वर कापड झाका आणि शीचा नमुना डबीत घेऊन जा. घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, एका गोळीनेही ते मरू शकतं.

आणि गोदामवाल्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे. डोळे उघडले, चालायला लागलं, की पिल्लू देऊन टाकू नका. आठ आठवडे त्याला आईजवळ ठेवा. कुणी आधीच मागायला आलं तर त्याचा फोन नंबर लिहून ठेवा आणि वेळ झाली की बोलवा.