चालता संगणक मोडीत काढावा काय?

पणजी, मडगाव किंवा म्हापसा येथील संगणक दुरुस्तीच्या दुकानांत सध्या एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत ऐकू येतो. संगणक सुरळीत चालत असताना तो बदला, असे का सांगता? हे विचारणारा कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी किराणा मालाचा व्यापारी, कधी मुलांच्या अभ्यासासाठी आठ-नऊ वर्षांपूर्वी संगणक घेतलेली गृहिणी, तर कधी एखाद्या वाचनालयाचा चिटणीस. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : ‘विंडोज टेन संपले.’ शिलाई यंत्र किंवा मिक्सर दुरुस्त करून वीस वर्षे वापरणाऱ्या घरांना हे उत्तर पटत नाही. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत. तरीही ते कालबाह्य ठरते. हे आयुष्य कोणी ठरवले आणि ग्राहकाच्या हाती आता काय उरले, याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे. त्यासाठी असलेली मुदतही फार मोठी नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार थांबवला. आधार थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, पत्रे छापतो, चित्रपट दाखवतो. बदल डोळ्यांना न दिसणारा आहे. प्रत्येक प्रणालीत नव्या त्रुटी सतत सापडत असतात आणि कंपनी दरमहा त्यांवर दुरुस्ती धाडत असते. ही दुरुस्ती थांबली की सापडलेली प्रत्येक नवी त्रुटी कायमची उघडी राहते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या आरोग्य सेवेसह जगभरातील असंख्य कार्यालयांतील संगणकांना कुलूप घातले. त्या त्रुटीवरील दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. २०१४ मध्येच आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी कंपनीला त्या वेळी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. आधार संपलेल्या प्रणालीचा धोका कागदोपत्री नाही, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

मग विंडोज ११ का बसवू नये? २०२१ च्या ऑक्टोबरात आलेली ही प्रणाली विंडोज १० च्या ग्राहकांना विनामूल्य मिळते. अडचण यंत्राच्या पात्रतेची आहे. तिला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा लागतो. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली. त्याआधीचा प्रोसेसर असलेला संगणक कितीही वेगवान असला तरी तो पात्रतेच्या यादीत बसत नाही. काही संगणकांत मात्र ही चिप असूनही ती केवळ बंद ठेवलेली असते आणि यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करता येते. नवा संगणक घेण्यापूर्वी एवढी एक गोष्ट तंत्रज्ञाकडून तपासून घेतली, तर अनेक घरांचा खर्च वाचू शकेल. अपात्र ठरणाऱ्या संगणकांची जगभरातील संख्या प्रचंड आहे. कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाण्याची शक्यता वर्तवली होती.

घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने एका वर्षाची वाढीव सुरक्षा योजना ठेवली आहे. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. या योजनेचे तपशील बोलके आहेत. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना ती विनामूल्य आणि बिनशर्त देण्याचे कंपनीने मान्य केले. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते असले की पुरे. तेथील ग्राहक संघटनांनी आधीच्या अटींवर आक्षेप घेतल्यानंतर हा बदल झाला. भारतासह उर्वरित जगातील ग्राहकांपुढे तीन मार्ग ठेवले गेले : संगणकाच्या सेटिंग कंपनीच्या क्लाउडवर साठवाव्यात, कंपनीच्या बक्षीस योजनेतील १,००० गुण मोजावेत किंवा ३० डॉलर भरावेत. प्रणाली तीच, त्रुटी तीच, दुरुस्तीही तीच. पण एका खंडातील ग्राहकाला ती हक्काने मिळते आणि दुसऱ्या खंडातील ग्राहकाला काहीतरी मोजून. हा फरक तंत्रज्ञानामुळे पडलेला नाही. ग्राहक हक्कांची राखण करणारा कायदा आणि त्याचा आग्रह धरणारी संघटना जेथे बळकट आहे, तेथे कंपनी नमते, इतकाच त्याचा अर्थ.

या परिस्थितीत घरोघरी तीन मते ऐकू येतात. पहिले मत : ‘अँटिव्हायरस आहे, चालू द्या.’ ते सर्वस्वी चुकीचे नाही. क्रोम आणि फायरफॉक्स विंडोज १० वर अद्याप चालतात आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डिफेंडरला विषाणूंची नवी ओळखयादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे. परंतु अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा पहारेकरी. भिंतीलाच भगदाड पडले, तर त्याचा उपयोग मर्यादित होतो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात किंवा संस्थेच्या सभासदांची माहिती साठवली जाते, तेथे हे मत महागात पडू शकते. केवळ भजने ऐकण्यासाठी आणि जुनी छायाचित्रे पाहण्यासाठी ठेवलेला संगणक इंटरनेटपासून तोडून खुशाल वापरावा. धोका यंत्राच्या वयापेक्षा त्यावर काय केले जाते, यावर अधिक अवलंबून असतो.

दुसरे मत ‘नवा घ्या’ असे सांगते. पैसा असेल तर तो सरळ मार्ग आहे. मात्र त्यासाठी काळ अनुकूल नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा केंद्रांनी मेमरी चिपची मागणी वाढवली आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉन या बड्या उत्पादक कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना केली जाणारी विक्री थांबवण्याची घोषणा केली. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहेच. म्हणजे जुने यंत्र सोडण्याचा आग्रह आणि नव्या यंत्राची महागाई एकाच वेळी ग्राहकाच्या दारी आली आहे.

तिसरे मत सहसा घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा भाचा मांडतो : ‘लिनक्स टाका.’ गोव्याला हा विचार परका नाही. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या मदतीने वापरलेले संगणक राज्यातील शाळांत आणून त्यांवर लिनक्स चालवण्याचा प्रयोग येथे झाला होता. केरळने हीच वाट चिकाटीने धरली. तेथील शालेय संगणक शिक्षण अनेक वर्षांपासून ‘काइट’ या सरकारी संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालते; शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यावरच होते. आज लिनक्स मिंट किंवा उबंटू यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात, २०२९ पर्यंत त्यांना दुरुस्त्या मिळणार आहेत आणि दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावर त्या सहज चालतात. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर असा संगणक नव्यासारखा धावतो.

पण या मताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या कर सल्लागाराला विंडोज सोडणे अवघड आहे. काही प्रिंटर आणि स्कॅनर लिनक्सवर कुरकुर करतात. वर्डमध्ये तयार केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडला की रकाने सरकतात. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने मोठा गाजावाजा करून लिनक्स स्वीकारले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. याउलट त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सुमारे ३०,००० शासकीय संगणकांवर लिब्रेऑफिस व पुढे लिनक्स आणण्याचे ठरवले आणि २०२५ मध्ये ईमेल सेवाही खुल्या प्रणालीवर नेली. बदल फुकट मिळणाऱ्या प्रणालीने यशस्वी होत नाही. तो टिकवण्यासाठी प्रशिक्षण, अडचणीला धावून येणारा तंत्रज्ञ आणि वरिष्ठांची इच्छाशक्ती लागते. ज्या घरात मदतीला कोणी नाही, तेथे हौसेने बसवलेले लिनक्स महिनाभरात धूळ खात पडण्याचा संभव अधिक.

मराठी वाचक आणि लेखकांपुढे आणखी एक निराळी अडचण आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी मराठी मजकुराची जुळणी दीर्घकाळ श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या आज्ञावलींवर आणि ‘शिवाजी’सारख्या जुन्या फॉन्टवर झाली. या जुन्या पद्धतीत संगणकाच्या पोटात देवनागरी अक्षर नसतेच. तेथे इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि विशिष्ट फॉन्ट त्यांवर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मजकुराचा अर्थहीन चुरा होतो. म्हणूनच काही डीटीपी केंद्रांत आणि छापखान्यांत आजही एखादा जुनाट संगणक केवळ त्या एका आज्ञावलीसाठी जपून ठेवलेला असतो. तो बंद पडला तर दिवाळी अंकांचे, स्मरणिकांचे, नाट्यसंहितांचे आणि संस्थांच्या इतिवृत्तांचे अनेक वर्षांचे संचित वाचता येणार नाही. नवा संगणक विकत मिळेल. हा मजकूर मिळणार नाही. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याची साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून माणसाने पुन्हा वाचून त्या दुरुस्त कराव्या लागतात. हे काम जुना संगणक चालू आहे तोवरच करण्यासारखे आहे. एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की तो विंडोज, लिनक्स, मोबाइल असा कोठेही वाचता येतो आणि प्रणाली बदलण्याची अर्धी भीती तेथेच संपते.

या प्रश्नाला घराबाहेरची बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक खंडित झाली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पैसे भरलेली सेवादेखील दूरच्या निर्णयाने थांबू शकते, हे त्या घटनेने स्पष्ट केले. त्यानंतर केंद्र सरकारच्या मंत्र्यांनी आणि खात्यांनी चेन्नईस्थित झोहोच्या कार्यालयीन आज्ञावलीकडे वळण्यास सुरुवात केली. स्वदेशी उत्पादनाला बळ मिळणे स्वागतार्ह आहे. तथापि, एका कंपनीवरील अवलंबित्व सोडून दुसऱ्या कंपनीवर अवलंबून राहिल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. कागदपत्रे खुल्या स्वरूपात साठवली असतील, तरच उद्या कोणतीही कंपनी बदलता येते. केंद्राने खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. तरीही सरकारी संकेतस्थळांवरचे अर्ज वर्डच्या फायलीत मिळतात आणि निविदांत विशिष्ट कंपनीच्या उत्पादनांची नावे दिसतात. धोरण कपाटात आणि सवय टेबलावर, अशी ही स्थिती आहे.

गोवा लहान राज्य आहे आणि येथे हा लहानपणा उपयोगी पडू शकतो. शाळा, पंचायती आणि सरकारी वाचनालयांतील किती संगणक विंडोज ११ ला अपात्र आहेत, याची मोजणी येथे थोड्या अवधीत होऊ शकते. संस्थांसाठी वाढीव सुरक्षेचा पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. शैक्षणिक संस्थांना मात्र हीच सेवा पहिल्या वर्षी एका डॉलरमध्ये मिळते. ही तफावत मुख्याध्यापकांना ठाऊक नसेल, तर ती सांगणे हे शिक्षण खात्याचे काम आहे. शाळांच्या संगणक कक्षांसाठी केरळचा अनुभव समोर आहे. पंचायतींनी नवी खरेदी करण्यापूर्वी जुनी यंत्रे खुल्या प्रणालीवर चालतात का, हे पाहिले तर सार्वजनिक पैसा वाचेल आणि भंगारही कमी होईल.

घरगुती ग्राहकासाठी क्रम सोपा आहे. प्रथम सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मग यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे का, ते तपासावे. नसेल तर वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी करून ऑक्टोबरपर्यंतचा अवधी मिळवावा. त्या अवधीत लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यासाठी संगणकावरील काहीही पुसावे लागत नाही. आपला प्रिंटर, आपली बँक, आपली मराठी त्यावर नीट चालली तर चालता संगणक मोडीत काढण्याचे कारण उरत नाही. नाही चालली तर नवा घ्यावा. पण तो निर्णय दुकानदाराच्या एका वाक्यावर न सोडता स्वतः तपासून घेतलेला असावा.