कचरा आपला, कंबर त्यांची
पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. २००८पासून तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ संस्थेचे सभासद, त्यात बहुसंख्य बायका, महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करतात. बादल्या उचलायच्या, ढकलगाडीत रिकाम्या करायच्या, मग वाकून निवडायचं: कंबर, खांदे, मनगटं भरून येणारच. गुडघे वाकवून बादली अंगालगत उचलावी, ओझं हातात असताना कमरेतून वळू नये, हे शिकवायला हवंच. पण नुसत्या शिकवणीने भागत नाही. जमिनीवर वर्गीकरण करताना पाठ ताठ ठेवणार तरी कशी? तिथे कमरेच्या उंचीचं टेबल हवं, गाडीची दांडी कोपराच्या आसपास यायला हवी. आणि सोसायट्यांनी ठासून भरलेल्या एका बादलीऐवजी दोन अर्ध्या ठेवाव्यात, अगदी उद्यापासून.