गाईला माप, बाईला लाज

आमच्या गोठ्यात सहा एचएफ गाई आहेत. धारा काढायच्या मशीनचं व्हॅक्यूम किती ठेवायचं, हे माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. काटा पन्नास किलोपास्कलच्या वर सरकला की तो आधी मशीन बंद करतो, मग कारण शोधतो. रबरी लायनर कधी बदललं याची तारीख भिंतीवर खडूने लिहिलेली असते. अडीच हजार वेळा धारा काढून झाल्या की ते रबर सैल पडतं, सडाला इजा होते आणि गाय दगडीला येते. बारीक सडाच्या गाईला मोठं लायनर लावलं तर काय होतं, हे आमच्या वडगाव निंबाळकरमधल्या कुठल्याही दूधवाल्याला विचारा. तो कळवळून सांगेल.

त्याच गोठ्यापासून वीस पावलांवर, आतल्या खोलीत, मी चुकीच्या मापाचा पंप छातीला लावून बसले होते. लेकरू चार महिन्यांचं होतं. बोंडी फुटून दुधात रक्ताची रेघ आली तरी घरात कुणाला माप विचारावंसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि याचाच मला आज जास्त संताप येतो. गाईच्या सडाला माप असतं हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्याही अंगाला माप असेल, हे सांगणारं एक माणूस मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत भेटलं नाही.

आपल्याकडे पंप लाज निवडते. बाई पैसे देते आणि दुखणं सोसते.

माझा पहिला पंप मेडिकलमधून आला. काचेच्या वाटीला लावलेला रबरी फुगा, सायकलच्या जुन्या भोंग्यासारखा. दुकानात चार पुरुष उभे होते. मी हळू आवाजात मागितला, पोराने मान वर न करता काळ्या पिशवीत घालून दिला. त्याने काही विचारलं नाही, मी काही विचारलं नाही. हा फुगा दाबून सोडला की ओढ बसते, पण किती बसेल त्यावर कसलाही ताबा नाही. त्याहून वाईट म्हणजे दूध वर चढून फुग्यात शिरतं. फुग्याचं तोंड एवढंसं, आत ब्रश जात नाही, वाळत नाही. आत राहिलेलं दूध आंबतं आणि पुढच्या वेळी त्याच हवेखालून लेकराचं दूध निघतं. दुधाच्या कॅनला असा न धुता येणारा कोपरा असता, तर आमच्या संकलन केंद्राने तो कॅन दारातूनच परत पाठवला असता. बाळासाठी मात्र तो दुकानाच्या भिंतीला लटकतो, आणि स्वस्त म्हणून रोज विकला जातो.

दुसरा पंप वन्संनी पुण्याहून मागवला. ब्रेसियरच्या आत बसणारा, वायर नाही, नळी नाही, आवाज नाही. "कुणाला कळणार पण नाही," त्या फोनवर म्हणाल्या. त्या प्रेमाने बोलल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण जाहिरातवाल्यांवर आहे. त्या यंत्राची प्रत्येक जाहिरात एकच गोष्ट विकते, की कुणाला दिसणार नाही. बाई मीटिंगमध्ये बसली आहे, पोळ्या लाटते आहे, गाडी चालवते आहे आणि आत पंप चालू आहे. म्हणजे तिने काम थांबवायचं नाही, जागा मागायची नाही, पंधरा मिनिटं मागायची नाहीत. साऱ्या जगाची सोय बघून बनवलेली ही वस्तू आईची सोय म्हणून तिच्या गळ्यात घातली जाते.

मोटार त्या वाटीतच कोंबलेली असते, त्यामुळे ती लहान. वाटी अपारदर्शक असली तर बोंडी आत मध्यावर बसली की तिरकी, ते दिसत नाही. वाकलं की सांडतं. झडपेचं पातळ रबर महिन्या-दोन महिन्यांत ढिलं पडतं, ओढ कमी होते आणि बाईला वाटतं आपलंच दूध आटलं. सुटी झडप बारामतीत मला मिळाली नाही. ती पुन्हा मागवायची, आठ दिवस वाट पाहायची. आणि त्या आठ दिवसांत दूध तटलं, डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ धरली, थंडी वाजून ताप आला. गाईला असं झालं असतं तर दुपारच्या आत डॉक्टर गोठ्यात आला असता. मला तिसऱ्या दिवशी नेलं.

ज्या डॉक्टरबाईंकडे नेलं त्यांनी औषध लिहिलं आणि मग टेबलाच्या खणातून साधी प्लॅस्टिकची पट्टी काढली. बोंडीचा बुडाजवळचा व्यास मोजला, भोवतीचा काळा भाग न धरता. पंधरा मिलिमीटर. माझ्या पंपाचा फनेल होता चोवीसचा, कारण खोक्यात तोच येतो. मला सतरा-अठराचा लागत होता. मोठ्या फनेलमध्ये भोवतीची कातडी आत ओढली जात होती, सुजत होती, आणि सुजलेल्या जागेतून दूध वाहत नव्हतं. हे कळायला मला दोन पंप, एक गाठ आणि तीन दिवसांचा ताप लागला. पट्टी दहा रुपयांची असते.

म्हणून ज्या बाया मला आता विचारतात त्यांना मी पहिल्यांदा किंमत सांगत नाही, कंपनी सांगत नाही. आधी माप घे म्हणते. दोन्ही बाजूंचं वेगळं घे, कारण ते वेगळं असू शकतं. मग बघ, त्या मापाचा फनेल त्या पंपाला मिळतो का. मिळत नसेल तर तो पंप कितीही गोंडस असला तरी तुझा नाही. पंप चालू असताना बोंडी नळीत मोकळी मागेपुढे झाली पाहिजे, कडेला घासायला नको, दुखायला तर मुळीच नको. ओढ वाढवली की दूध वाढतं हा सगळ्यात दुष्ट गैरसमज आहे. मशीनने आधी बाळासारखं भरभर, हलकं ओढायला हवं, आणि पान्हा आला की मग सावकाश, खोल. दूध मोटारीत किंवा नळीत शिरू नये म्हणून मध्ये पडदा असतो, त्याला बंद पद्धतीचा पंप म्हणतात. पडदा नसलेला घेऊ नकोस, आणि तसा कुणाचा वापरलेला तर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस, नळीत बुरशी धरलेली असू शकते. सुटे भाग कुठे मिळतील, हे पैसे देण्याआधी विचार. मी स्वतः शेवटी हाताने दांडी दाबायचा साधा पंप घेतला. वीज नको, चार्जिंग नको, चार तुकडे सुटे होतात आणि प्रत्येक तुकडा उजेडात धरून बघता येतो.

त्याच्याही आधी हाताने दूध काढायला शिक, हे मी बजावून सांगते. काळ्या भागाच्या मागे अंगठा आणि बोटं, आधी छातीकडे दाब, मग पुढे पिळ, कातडीवर बोटं घासू नकोस. दहा मिनिटांत शिकता येतं, फुकट आहे, आणि भारनियमनात बंद पडत नाही. १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. आईचं दूध काढायचं कसं, साठवायचं कसं, दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं कसं, हे ज्ञान या राज्यात पस्तीस वर्षांहून जुनं आहे. सायनहून आमच्या गावापर्यंत यायला त्याला अजून गाडी मिळालेली नाही. दूध पाजायची बाटली मात्र केव्हाच येऊन पोचली. १९९२च्या कायद्याने बाटलीच्या आणि पावडरीच्या जाहिरातीवर बंदी घातली. पंपाचं नाव त्या कायद्यात नाही, म्हणून बाटली आता पंपाच्या खोक्यात बसून घरात शिरते, रबरी बोंडीसकट. आमच्या आत्यांनी ती बाजूला ठेवली आणि वाटी-चमचा काढला. त्यांच्या सासूने बोंडल्याने पोरं वाढवली होती. या एका बाबतीत घरातलं शहाणपण खोक्यातल्या माहितीपत्रकापेक्षा मोठं ठरलं.

पण पंप कितीही बरोबर निवडला तरी तो लावायचा कुठे?

मी बारामती एमआयडीसीत नोकरी करते. सकाळी साडेसातला घर सोडायचं, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव करत जायचं, परतायला संध्याकाळचे साडेसहा. अकरा तास. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवडे झाली, याचं मोठं कौतुक होतं आणि व्हायलाही हवं. पण हिशेब करा. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी गेले तर हातात राहतात अठरा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलंय, आणि चार महिन्यांनी आईला गेटवर अंगठा लावायचाय. मधले दोन महिने कुणी भरायचे? बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायची सुट्टी १९६१च्या कायद्यापासूनच आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे, दिवसातून चारदा तिथे जायची मुभा आहे. माझ्या कंपनीत या कशाचाही पत्ता नव्हता. शेवटी मी संडासात पंप लावला. उभ्याने. एका हाताने दार धरून, कारण कडी तुटलेली.

गोठ्यात परकं माणूस शिरलं, कुणी ओरडलं, कुत्रं भुंकलं, तर गाय पान्हा चोरते. हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणून धारेच्या वेळी कुणी आरडाओरड करत नाही, कुणी तर रेडिओ लावून ठेवतात. बाईचा पान्हाही असाच असतो, भीतीने आणि घाईने अडतो. संडासाच्या दारावर थापा पडत असताना दोन्ही बाजूंचं मिळून वीस मिली निघालं, तेव्हा मी घरी येऊन रडले की माझं दूध संपलं. शेजारणीने नजर काढली. कुणीतरी पावडरीचा डबा आणायला सांगितला. दूध भरपूर होतं. रविवारी घरी, लेकराला समोर घेऊन, त्याच पंपाने नव्वद मिली निघायचं.

हिरकणीची गोष्ट आपण पोरींना कौतुकाने सांगतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरली. तिच्या नावाने राज्यात हिरकणी कक्ष उघडले गेले, कल्पना सोन्यासारखी. मी एका बसस्थानकावरच्या कक्षापुढे दूध तटलेल्या छातीने पाऊण तास उभी होते. दाराला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही, फटीतून आत रचलेल्या खुर्च्या दिसत होत्या. हिरकणीचं नाव दारावर, आणि दरवाजा पुन्हा बंद. हे फक्त आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतं असंही नाही. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. सगळ्यांनी फोटो काढले, कक्षाची सोय झाली. पुढच्याच, २०२३च्या मुंबईतल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हिरकणी कक्षात धूळ आहे, सोय नाही, हे त्यांनाच पत्रकारांपुढे सांगावं लागलं. जिथे कायदे होतात त्या इमारतीतली ही अवस्था.

काढलेलं दूध ठेवायचं कुठे, तो वेगळाच छळ. पंचवीस अंशांच्या खोलीत ते चार तास टिकतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला जातो, म्हणून बर्फाच्या पाकिटांची पिशवी लागतेच. त्यात चोवीस तास चालतं, फ्रिजमध्ये चार दिवस. कंपनीच्या फ्रिजमध्ये माझा डबा बघून एकाने तोंड वाकडं केलं. त्याच फ्रिजमध्ये गाईच्या दुधाच्या पिशव्या असायच्या. त्या त्याला चालत होत्या. गाईचं दूध संकलन केंद्रावर चार अंशांवर थंड करणाऱ्या यंत्रात जातं, त्याची फॅट लागते, एसएनएफ लागतं, लिटरला पाच पैसे कमी झाले तर रस्त्यावर दूध ओततात. माझ्या साठ मिलीला उभं राहायला कुणी नव्हतं.

आणि मी तरी पगारी, कायमची. ठेकेदाराच्या मस्टरवरच्या पोरींना बारा महिन्यांत ऐंशी दिवस भरल्याशिवाय प्रसूती रजेचा हक्कच नाही, आणि कितीजणींना ते भरण्याआधी ब्रेक मिळतो ते गेटवर उभं राहून मोजा. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सोमेश्वर कारखान्याच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, दिवस बुडाला तर खाडा. ती बाई पहाटे अंधारात फडात जाते, लेकरू पाचटावर झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या काखेत. तिला सव्वीस आठवडे नाहीत, सहा दिवसही नाहीत. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना तिचा पुढचा पदर दुधाने भिजलेला मी पाहिलाय. तिच्यापुढे पंपाचं नाव काढायची माझी हिंमत नाही. तिला पाजायला बसायची पंधरा मिनिटं हवीत, ज्यांचा खाडा लागणार नाही. साखरेच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवणाऱ्या या पट्ट्याला तेवढा हिशेब ठेवता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

उपकेंद्रात गरोदर बाईचं वजन घेतात, रक्त घेतात, पोटाला टेप लावतात. त्याच खोलीत एक पट्टी ठेवा आणि दूध काढायला शिकवणारी दहा मिनिटं ठेवा. आशाताईंना ते प्रशिक्षण द्या आणि त्याचे पैसेही द्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह म्हणून जे पोस्टर लागतं, त्यात आई कायम घरात, पाटावर, निवांत बसलेली असते. कामावर जाणारी एक तरी आई त्यात काढा.

मेडिकलमधला तो फुग्याचा पंप अजून त्याच खिळ्याला लटकतोय. मी दुकानदाराला दोनदा सांगितलं, काढून टाका म्हणून. दुसऱ्यांदा दुकानात गिऱ्हाईकं होती आणि मी मोठ्या आवाजात सांगितलं, काय होतं त्या फुग्यात तेही सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, हळू बोला." सोमवारी परत जाणार आहे.