मिलिंद म्हणजे

गेल्या रविवारी दादाची नात वही घेऊन आली. तिसरीच्या बाईंनी घरातल्या पाच माणसांची नावं आणि समोर त्यांचे अर्थ लिहून आणायला सांगितलं होतं. आईबाबांचे, स्वतःचे अर्थ तिनं मोबाइलवर शोधून लिहिले होते. आजोबांच्या नावासमोर होतं, ‘भुंगा’. तिला हसू आवरत नव्हतं. दादाही हसला. मला मात्र ते लागलं.

अर्थ चूक नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाच, आणि कित्येक घरांत तो गोड नाद आणि तो अर्थ आवडला म्हणूनच हे नाव ठेवलं गेलं. आमच्या घरात ते तसं आलं नाही.

माझ्या आजोबांचं नाव केरबा. त्यांच्या भावाचं उकंडा, म्हणजे उकिरडा. आमच्या वडिलांचं, अण्णांचं, धोंडिबा. पोरं जगत नसली की अशी नावं ठेवायची रीत सगळ्याच जातींत होती. नाव ऐकून सटवीला, दृष्ट लावणाराला वाटावं, या पोरात घेण्यासारखं काही नाही. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. गणिती केरूनाना छत्र्यांचं मूळ नाव विनायक, पण जगानं त्यांना केरूनाना म्हणूनच ओळखलं. मंगोलियात अशाच भीतीपोटी मुलाला ‘नेरगुइ’ म्हणतात, म्हणजे बिननावाचा. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ‘कोसोको’ हे नाव असतं. त्याचा अर्थ, कुदळ नाही. खड्डा खणायला कुदळच नाही, तेव्हा बाळा, मरू नकोस. या नावाचा एक राजा एकोणिसाव्या शतकात लागोसच्या गादीवर बसला होता. या सगळ्या नावांत आईबापांचा जीव अडकलेला आहे आणि मला ती कधीच घाण वाटली नाहीत.

पण आमच्या वस्तीत एवढंच नव्हतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा नियम आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. १९२७च्या २५ डिसेंबरला महाडला जे पुस्तक जळलं, त्यात हाही श्लोक होता. वाड्यावरच्या मुलाचं धोंडो हे नाव मोठेपणी ‘धोंडोपंत’ व्हायचं. आमचा धोंडिबा म्हातारा होईपर्यंत ‘धोंड्या’च राहायचा. एखाद्यानं पोराचं नाव बरं ठेवलंच, तर गाव ते मोडून हाक मारायचं. माझ्या आजोबांना गावानं नाव ठेवलं नाही, नुसती नावं ठेवली.

अण्णा बीड जिल्ह्यातल्या त्या गावातून मॅट्रिक होऊन औरंगाबादला आले. तिथं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली महाविद्यालय सुरू केलं होतं. पुढं त्याला मिलिंद हे नाव मिळालं आणि त्या माळाचं नागसेनवन झालं. अण्णांनी तिथं पहिल्यांदा विचारलं, हा मिलिंद कोण? १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं. १९५९ साली दादा जन्मला, तेव्हा नाव ठरलेलंच होतं. त्या काळात आमच्या घरांतून सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा अशी नावं पाळण्यात आली. त्यांत मिलिंदच तेवढा परदेशी.

तो ग्रीक होता. अलेक्झांडरच्या मागं भारताच्या वायव्येला जे ग्रीक राज्यकर्ते राहिले, त्यांच्या परंपरेतला इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला राजा. नाव मेनान्द्रोस. ग्रीकमध्ये ‘मेनो’ म्हणजे टिकून राहणं आणि ‘आन्द्रोस’मध्ये माणूस. पाय रोवून उभा राहणारा माणूस. अलेक्झांडरच्या नावाच्या शेवटीही हाच माणूस आहे. तो माणसांचं रक्षण करणारा. (अरबी कानांना त्या नावातलं ‘अल’ आपलं उपपद वाटलं, ते गळून पडलं आणि इस्कंदर, सिकंदर झाला.) मेनान्द्रोसची राजधानी सागल, आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट. त्याची नाणी इतकी चालली की पुढं सुमारे दोनशे वर्षांनी एका ग्रीक दर्यावर्द्यानं ती भडोचच्या बाजारात चालताना पाहिल्याचं लिहून ठेवलं.

इथल्या तोंडांना ‘मेनान्द्रोस’ जड गेलं असणार. प्राकृतात त्याचं मेनंद्र झालं, पालीत एका ‘न’चा ‘ल’ होऊन मिलिंद. हे काम कुठल्या पंडितानं केलं नाही, बोलणाऱ्या जिभांनी केलं.

पाली ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला भेटतो, आणि मला दर वेळी नवल वाटतं, त्याचा पहिला प्रश्न असतो: भदंत, आपलं नाव काय? नागसेन सांगतो, लोक मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन, वीरसेन ठेवतात. पण ते बोलण्यापुरतं, त्या नावाच्या आत कुणी माणूस सापडायचा नाही. राजा हटून बसतो. मग केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना, मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू? लगाम? राजाला कबूल करावं लागतं की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. अण्णा हा प्रसंग रंगवून सांगायचे. ज्याचं नावच आयुष्यभर त्याच्यावर फेकलं गेलं, त्या माणसाला ‘नाव म्हणजे तू नव्हेस’ हे ऐकून काय वाटलं असेल, ते मला त्यांचं वय गाठल्यावर कळलं. आणि तरीही त्यांनी लेकाचं नाव विचार करकरून ठेवलं. वादात आपलं म्हणणं पडलं की ते मान्य करणारा राजा त्यांना लेकाच्या नावात हवा होता. नागसेनाचं म्हणणं आणि अण्णांची ही हौस, दोन्ही मला खरं वाटतं.

हे मी नातीला जमेल तसं सांगितलं. तिनं मुकाट्यानं ऐकलं आणि विचारलं, “आत्याआजी, मग भुंगा खोडू का?” म्हटलं, खोडू नकोस, पुढं लिही. वहीतल्या रकान्यात मावेना, तेव्हा तिनं समासात आडवं लिहिलं.

मग मी फोनवर मेनान्द्रोसच्या एका नाण्याचं चित्र काढून दादाला दाखवलं. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. खरोष्ठी उजवीकडून डावीकडं वाचतात. महाराजस त्रातरस मेनंद्रस. महाराज, तारणहार मेनंद्राचं. मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. दादानं चष्मा वर सरकवून तो शब्द दोनतीनदा पुटपुटला.

आमच्या आजीला, केरबाच्या बायकोला, लिहितावाचता येत नव्हतं. तिला ‘मिलिंद’ म्हणता यायचं नाही. ती अंगणातून हाक मारायची, “मिनिंदर, ए मिनिंदर.” आम्ही भावंडं तिला सुधारत बसायचो.

“म्हातारी बरोबर म्हणत होती की गं,” दादा म्हणाला.